सव्वाचारची सावली

मीच वाकवले होते ते पाइप.
वाचनालयासमोरचं सायकलींचं स्टँड,
आठ सायकलींचं, जस्ताचा मुलामा, बिल अजून थकलेलं.
एल्के ब्रुन्स, वेल्डिंग आणि दुरुस्ती, वेझर नदीकाठी.
विचारलंत तर कुणीही दुकान दाखवेल.
आता तर बोट जरा जास्तच लांब करून.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी
ऊन चर्चच्या खांद्यावरून घसरत खाली आलं
आणि फरशीवर माझ्या स्टँडची सावली पडली:
चार हात, चार आकडे.
ते. ज्याचं नाव इथे आवाज न उतरवता कुणी घेत नाही.
सात मिनिटं होतं. मग सूर्य सरकला
आणि ती पुन्हा नुसती सावली झाली.

पण टिलो नावाच्या पोराने तोवर फोटो काढला होता.

सोमवारी नगरपालिकेतून फोन:
"फ्राऊ ब्रुन्स, तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं?"
मला?
आठ सायकली.
एवढंच म्हणायचं होतं.

मंगळवारपासून माणसं जमू लागली
आणि आभाळ भरून आलं.
नऊ दिवस सूर्याचा पत्ता नाही.
सव्वाचार वाजले की सगळे गप्प होऊन खाली बघत,
त्या ओल्या राखाडी फरशीकडे,
पाळणा मध्येच बंद पडल्यावर जत्रेतली पोरं बघतात तशी.
कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या, कुणी थर्मासमधून सूप.
हानोवरहून एक तज्ज्ञ आले, कोनमापक घेऊन.
म्हणाले, नेणिवेतून हात असा आपोआप वळतो.
अहो, माझा हात कुठला वळतोय,
पाइप वाकवायला मशीन आहे.

सहाव्या दिवशी एक जण आला,
डोकं तासलेलं, बूट चकचकीत.
त्याने स्टँडपाशी लाल कार्नेशनची फुलं ठेवली
आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "शाब्बास."
संतापलेल्यांना जे दिसलं
तेच त्यालाही दिसलं होतं.
त्या रात्री मी हात तीनदा धुतला.
पहिल्यांदाच मलाही वाटलं, कापून टाकावं.
स्टँड, म्हणजे.

नवव्या दिवशी आडेलगुंडे रिशम्युलर आली,
ब्याण्णव वर्षांची, चाकांच्या वॉकरवर रेलत.
डोळ्यांत मोतीबिंदू. तिला फरशीसुद्धा धड दिसत नव्हती.
"वाचनालय म्हणजे ते लोवेनथालचं दुकान ना? बटणांचं?"
कुणालाच माहीत नव्हतं.
"त्या सकाळी लख्ख ऊन होतं," ती म्हणाली,
"रस्त्यावर काचा नुसत्या चमकत होत्या.
मी आठ वर्षांची. सगळं गाव होतं इथे,
असंच, गोल करून.
आणि सावली नव्हती हो. कापड होतं.
खरंखुरं, वाऱ्यावर फडफडणारं.
कुणी काही बोललं नाही.
नंतर लिलावात आईने बटणांचा डबा घेतला,
निम्म्या किमतीत."

थर्मासचं झाकण कुणीतरी हळूच लावलं.

पालिकेने ठराव केला: स्टँड पंधरा अंशांनी फिरवावं.
फिरवलं. पहाटे, ग्राइंडर घेऊन, एकटीने.
आता सव्वाचारला तिथे पडतं
मोडक्या कंगव्यासारखं काहीतरी. कुणी बघत नाही.
सायकलींची हँडलं भिंतीला घासतात, ती तक्रार वेगळी.
टिलोची आई अजून बेकरीत ओळख दाखवत नाही.
दाखवेल. किंवा नाही दाखवणार.

परवा आडेलगुंडे वर्कशॉपवर आली.
पिशवीतून डबा काढला, पत्र्याचा, झाकणावर बदकं.
"गंजून बसलंय गं. आईने कधी उघडलं नाही, मीही नाही.
तुझ्याकडे हत्यारं आहेत."

हलवला की आत वाजतात.
ऐरणीशेजारी ठेवलाय, अजून हात लावलेला नाही.
दुपारी खिडकीतून ऊन येतं
तेव्हा त्याचीही सावली पडते बाकावर:
गोल, साधी,
कशासारखीच नाही.